विचारायला कचरणाऱ्यासाठी लिहिलेला परिचय

आमच्या बेळगावात मनःशांतीची वाट विचारणाऱ्याला पत्ता सांगणारे कोणी ना कोणी भेटतेच. कोणी अनगोळच्या हरिमंदिरात कलावती आईंच्या भजनाला नेते, कोणी हिंदवाडीच्या गुरुदेव रानडे मंदिराकडे बोट दाखवते, आणि खानापूर तालुक्यातल्या खेड्यांत तर गळ्यात माळ असलेले एखादे वारकरी आजोबाच घरच्या वडीलधाऱ्यासारखे समजावून सांगतात. ख्रिस्ती परंपरेतले आध्यात्मिक मार्गदर्शन, म्हणजे एखाद्याच्या प्रार्थनेत आणि जगण्यात काय घडते आहे ते ऐकून घेत त्याला सोबत करणे, मात्र आमच्या चर्चमध्येही फादर आणि सिस्टर यांच्यापुरतेच आहे, असा समज आहे. त्यामुळे या कामाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या प्रापंचिक माणसाला आपली ओळख आपणच इंटरनेटवर लिहावी लागते, आणि तिथेच बहुतेकांची लेखणी अडखळते.

निपाणीच्या एका परिचित निवृत्त शिक्षिकेने असा परिचय लिहून मला वाचायला पाठवला. पहिल्या परिच्छेदात पदवी, प्रशिक्षणाचे ठिकाण आणि केलेल्या एकांत साधना होत्या. दुसऱ्यात ‘आत्मोन्नतीचा दिव्य प्रवास’ आणि ‘अंतरीचा प्रकाश’ असे शब्द होते. भाषा शुद्ध होती, पण तासाभराच्या भेटीत प्रत्यक्ष काय होणार हे त्यातून कळत नव्हते. मी फोन करून विचारले, “बाई, हे वाचून खानापूरची एखादी सून तुम्हाला फोन करील का?” त्या म्हणाल्या, “अगं, पण प्रमाणपत्राचं लिहिलं नाही, तर माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?” त्यांची शंका रास्त होती. प्रशिक्षण कोठे आणि किती काळ घेतले, आपण स्वतः कोणाकडे मार्गदर्शनासाठी जातो आणि आपल्या कामावर अनुभवी व्यक्तीची देखरेख आहे की नाही, हे वाचणाऱ्याला कळलेच पाहिजे. पण त्याला दोन वाक्ये पुरतात, आणि त्यांची जागा खाली आहे. वरची जागा वाचणाऱ्याच्या अडचणीची आहे. प्रार्थनेला बसले की मन कोरडे पडते, घरात कोणी गेल्यापासून देवाशी बोलवत नाही, मोठा निर्णय समोर आहे आणि काय करावे ते उमगत नाही, अशा एखाद्या ओळीत वाचणाऱ्याला आपले काही सापडले, तरच तो पुढची ओळ वाचतो.

या परंपरेचे एक मोठे नाव म्हणजे सोळाव्या शतकात जेझुइट संघ स्थापन करणारे संत इग्नेशियस. त्यांच्या साधनेच्या ग्रंथाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. त्या ग्रंथाच्या प्रारंभी मार्गदर्शकासाठी सूचना आहेत, आणि त्यांपैकी पंधराव्या सूचनेत म्हटले आहे की, मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखे मध्ये उभे राहावे, कोणत्याही बाजूला झुकू नये आणि निर्मात्याला त्या जिवाशी थेट व्यवहार करू द्यावा. ज्याने हे मान्य केले आहे, त्याच्या परिचयात ‘मी तुम्हाला योग्य मार्गावर आणीन’ हे वाक्य शोभत नाही. बाईंना मी सुचवले की, ‘महिन्यातून एकदा, सुमारे एक तास आपण भेटू, तुमच्या प्रार्थनेत आणि रोजच्या जगण्यात काय घडते आहे ते तुम्ही सांगाल, मी ऐकेन, मधूनमधून एखादा प्रश्न विचारेन, कधी आपण दोघी नुसत्या गप्प बसू’ एवढे लिहावे. शांतता असते हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर पहिल्या भेटीत समोरची व्यक्ती घाबरते.

हे काम काय नाही, हेही आमच्या भागात तितकेच स्पष्ट लिहावे लागते. बस स्टँडच्या भिंतीवर चोवीस तासांत संकट निवारणाची हमी देणाऱ्या जाहिराती चिकटवलेल्या असतात, आणि ‘आध्यात्मिक’ हा शब्द पाहिला की लोकांना त्या आठवतात. म्हणून करणी उतरवणे, भविष्य सांगणे, लग्न जमवणे यांपैकी येथे काही होत नाही, हे लिहावेच. ही पापकबुली नाही आणि मानसोपचारही नाही. जीव नकोसा झालेल्या माणसाला परिचयातच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. आपण ख्रिस्ती आहोत हे लपवू नये, अन्य धर्मीयांचे स्वागत असेल तर तसे लिहावे, आणि धर्मांतर हा हेतू नाही हेही स्पष्ट सांगावे, कारण तो प्रश्न मनात येतोच, फक्त विचारला जात नाही.

भाषेचा मुद्दा तर आमच्याकडे टाळताच येत नाही. घरी कोकणी, शाळा मराठी माध्यमाची आणि कामकाज कन्नडमध्ये, अशी माणसे येथे घरोघरी आहेत, आणि माणूस रडतो किंवा प्रार्थना करतो ती भाषा त्याच्या कार्यालयाची असेलच असे नाही. आपल्याला कोणती भाषा बोलता येते आणि कोणती नुसती समजते, हे प्रामाणिकपणे लिहावे. शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतरीत्या बेळगावी झाले, तरी आपली माणसे शोधताना बेळगाव असेच लिहितात. तेव्हा दोन्ही नावे असू द्यावीत. पाट्यांवरचा वाद परिचयात आणण्याचे कारण नाही.

निपाणीच्या बाईंकडे बेळगावहून जायचे तर अर्धा दिवस मोडतो, म्हणून फोनवर बोलण्याची सोय असल्यास ती सांगावी. एकत्र कुटुंबात स्वतंत्र खोली मिळत नाही आणि बायका गच्चीवर कपडे वाळत घालता घालता बोलतात, हे धरूनच वेळा ठरवाव्यात. आपल्या गावात प्रत्येक जण कोणाचा तरी पाहुणा निघतो, त्यामुळे गोपनीयतेचे नुसते आश्वासन पुरत नाही. कोणाच्या जिवाला धोका असेल तरच बोलणे बाहेर जाईल, आणि रस्त्यात भेटल्यावर मी ओळख दाखवणार नाही, असे स्पष्ट लिहिले तर धीर येतो. मानधनाच्या बाबतीत ‘यथाशक्ती’ हा शब्द मला आवडत नाही, कारण शक्ती किती हे ठरवण्यातच गरीब माणूस संकोचतो. रक्कम लिहावी, किंवा काही घेत नाही असे लिहावे. छायाचित्र वेदीपुढे हात जोडलेले नको, घरच्या खुर्चीत बसलेले चालेल.

बाईंनी परिचय नव्याने लिहिला. आता त्याची सुरुवात अशी आहे: ‘देवाशी बोलणे थांबले असेल, तरी येऊ शकता. पहिली भेट नुसती ओळखीची असते, आणि त्यानंतर पुढे यायचे की नाही हे तुम्ही ठरवा. कारण सांगण्याची गरज नाही.’ खाली फोनच्या वेळा दिल्या आहेत, आणि महिनाभर नवीन कोणाला घेता येणार नसेल, तर तसे लिहिण्यासाठी एक ओळ राखून ठेवली आहे.