कुठला वडाळा? मंडळीच्या वह्या, आतापर्यंतचं काम

मराठी मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या सभासद-समूहांच्या, जुन्या वह्यांचे फोटो काढून त्या टंकायचं काम मी करतोय. गेल्या वेळी लिहिलं तेव्हा बाप्तिस्म्याची एकच वही हातात होती. आता तीन झाल्या. ठाण्यातल्या एका मराठी मंडळीची 1950नंतरची बाप्तिस्मा-वही, तिचंच लग्नांचं रजिस्टर, आणि नवी मुंबईतल्या एका वयाने लहान मंडळीची सभासद-यादी. वह्या आवाराबाहेर न्यायच्या नाहीत ही पंचांची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांची, अट. मला ती पटते, पाठीला पटत नाही. दर शनिवारी ऐरोलीहून लोकल धरायची. पिशवीत स्टँड, दोन एलईडी दिवे, फोटोफ्रेमची काच आणि सहा इंची पट्टी. स्कॅनर मी केव्हाच सोडला. झाकण दाबलं की जुन्या शिवणीचा दोरा कुरकुरतो आणि आपला जीव खालीवर होतो. आता वही अर्धीच उघडायची, दोन्ही बाजूंना उशा, वरून फोनने फोटो, कडेला पट्टी.

फोटो झाले 412 पानांचे. टंकून झाली 137. कुणी हसू नये.

दोघांनी विचारलं की ठाण्यात येऊन सेंट जेम्स चर्चच्या वह्यांमागे का लागत नाही, ते तर 1825 साली बिशप हेबर यांच्या हस्ते प्रतिष्ठापना झालेलं. खरं आहे. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, पाद्री बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नकला वरती पाठवत आले, त्या लंडनला पोहोचल्या आणि आज ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या मालिकेत नीट लावून ठेवल्या आहेत. परदेशातली माणसं घरबसल्या त्यात खापरपणजोबा शोधतात. आपल्या मराठी मंडळीची वही म्हणजे एक प्रत, एक लोखंडी कपाट, आणि वर जूनमध्ये गळणारा पत्रा. लग्नाची नोंद 1872च्या ख्रिस्ती विवाह कायद्यामुळे सरकारदरबारी तरी जाते. बाप्तिस्मा, पहिल्या प्रभुभोजनाची तारीख, बदलीचं पत्र यांना दुसरं घरच नाही.

बदलीचं पत्र म्हणजे सभासद एका मंडळीतून दुसरीत जाताना जुने पाळक (मंडळीचे धर्मगुरू) देतात तो दाखला. नवी मुंबईच्या यादीत त्यासाठी 'कोठून आले' असा रकाना आहे, आणि माझा सगळा महिना त्या रकान्याने खाल्ला. राहुरी, शेवगाव, सोलापूर, वाई, सातारा. अमेरिकन मराठी मिशनचा, म्हणजे मराठी मुलखात काम केलेल्या अमेरिकन प्रोटेस्टंट मिशनचा, नकाशाच पुढ्यात मांडल्यासारखा. त्यात 'वडाळा' 23 वेळा. मी आपला मुंबईकर, हार्बर लाइनवरचा वडाळा समजून एक्सेलमध्ये 'मुंबई' भरत सुटलो. वडाळ्याहून वाशीला घर घेतलं असेल, त्यात काय नवल.

मग एका पानाला टाचणीने लावलेलं मूळ पत्र उलगडलं. निळी शाई, घडीवर झिजलेली, आणि पत्त्यात स्वच्छ अक्षरात 'ता. नेवासे'. म्हणजे नगर जिल्ह्यातला, मिशनचा वडाळा! बाकीची पत्रं काढून ताडून पाहिली. 23पैकी 19 तिथलीच, चार खरोखर मुंबईची. त्या 19मधली बरीच घरं 1972च्या दुष्काळानंतर गाव सोडलेली, आधी ठाण्यात भाड्याने, मग ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमुळे इकडे. मी तर अख्ख्या पाच-सहा कुटुंबांचं गावच पुसून टाकणार होतो. तुमच्याकडच्या याद्यांत वडाळा आला तर पत्र पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुसून टाकण्यावरून आठवलं. एक चूक कबूल करायची आहे. बाप्तिस्मा-वहीत 1968च्या पानावर बुरशीचा ठिपका होता. मी शहाण्यासारखा ओलसर कापूस फिरवला. जुन्या हिरडा-हिराकसाच्या शाईला पाण्याची एवढी भीती नसते, ती कागद खाते हा वेगळा त्रास. पण ही साधी फाउंटन पेनातली निळी. अर्धी ओळ कापसावर आली. तो कापूस मी अजून टाकलेला नाही, का ते विचारू नका. आईबापांचं नाव वाचता येत होतं, त्यावरून पाळकसाहेबांनी त्या बाई शोधून काढल्या, कोपरखैरण्याला राहतात. त्यांनी स्टीलच्या डब्यातून, रेशनकार्डाच्या घडीतून, आपला बाप्तिस्म्याचा दाखला काढला आणि चहा होईपर्यंत मला हातात धरू दिला. गंमत अशी की दाखल्यावरची तारीख वहीत उरलेल्या आकड्याशी एका दिवसाने जुळत नाही. दोन्ही नोंदवल्या आहेत. आता बुरशीला फक्त कोरडा मऊ ब्रश, तोही दसऱ्यानंतरच. कपाटात डांबराच्या गोळ्या होत्या, त्या काढून वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या. कसर कमी झाली की नाही ते दिवाळीला सांगतो.

एक छोटी मौज. 29 नोव्हेंबर 1970ला नागपुरात काही प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पण छापलेले दाखले वाया कोण घालवणार? पुढची कितीतरी वर्षं 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' हे आधीचं नाव शाईने खोडून त्यावर रबरी शिक्का. शिक्का कधी सरळ, कधी उलटा. कुणाकडे बिनतारखेचं पान असेल तर त्या खोडाखोडीवरून निदान 1970च्या आधीचं की नंतरचं ते कळतं.

सगळं जगासमोर ठेवायचं का, यावर पंचांबरोबर दोन बैठका झाल्या. जुन्या वहीत 'पूर्वीची जात' असा रकाना आहे. 1950च्या राष्ट्रपती आदेशानंतर ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत, त्यामुळे या रकान्याचा धाक घराघरांत आहे. कुणाला तो लपवायचा असतो, कुणाला नेमका तोच हवा असतो. माझं मत, संशोधकाची हौस इथे दुय्यम. ठरलं ते असं: 100 वर्षांच्या आतल्या बाप्तिस्म्याची पानं बाहेर नाहीत, जातीचा रकाना तर झाकलेलाच, घरच्यांनी मागितलं तर त्यांची ओळ त्यांना. वर्षवार आकडे, गावांची यादी आणि मंडळीच्या जुन्या स्मरणिका मात्र खुल्या करायच्या. स्मरणिकांच्या लेखी परवानगीचं पत्र मिळालं आहे. त्याच्या एका ओळीत 'कार्यकर्ते' म्हणून माझं नाव चुकीचं छापलंय. पुढच्या शतकातल्या कुणाला तरी ते सोडवत बसू दे.

येत्या शनिवारी टाचण्या काढायच्या. 60-70 असतील, सगळ्या गंजलेल्या, काही कागदात रुतलेल्या. मी बारीक चिमटा आणि खाली प्लास्टिकची पट्टी सरकवून दोन काढल्या, तिसरीने कागद फाडला. कुणी याहून बरी युक्ती केली असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.