सीटचा अपडेट: शेवटी उतारच नडत होता

मोटरसायकलच्या सीटवर लांब पल्ल्याला बसून दुखतं, त्यावर मी उपाय शोधतोय; मागच्या वेळी जेल पॅडपर्यंत (सीटवर टाकायची जेलची गादी) येऊन थांबलो होतो. त्याला चार महिने झाले, गाडीचं किलोमीटरचं मीटर 21,300 वरून 25,100 वर गेलाय आणि सीट दोनदा उघडून झाली. सांगण्यासारखं बरंच साठलंय म्हणून आज निवांत टाइप करतोय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. गाडी 350 सीसी सिंगल सिलिंडर, माझी उंची 5 फूट 7 इंच, वजन 78 किलो. रोजचं बेळगावातच टिळकवाडी ते उद्यमबाग जाऊन-येऊन काहीच त्रास नाही. त्रास हायवेला, संकेश्वरकडे जाताना. यमकनमर्डी मागे पडली की माकडहाडात कळ सुरू, हत्तरगीपासून एकदा डाव्या मांडीवर एकदा उजव्या मांडीवर भार टाकत जायचं आणि संकेश्वरला उतरलो की पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं, बसायचं नावच नको. गोव्याकडच्या चोर्ला घाटाच्या रस्त्याला तर जांबोटी सोडली की अर्धा वेळ फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभाच.

जेल पॅडचं आधी संपवतो. एप्रिलमध्ये दुपारी गाडी उन्हात लावून तासाभराने बसलो तर तवाच. जेल उष्णता धरून ठेवतं, नंतर सावलीत लावली तरी लवकर निवत नाही. शिवाय सीट इंचभर उंच झाली, सिग्नलला पाय नीट टेकेना. काढला, परत लावणार नाही.

मग एका दुकानात सीट दिली आणि सांगितलं, मऊ करून द्या. इथेच चुकलो. घरी आणली तेव्हा सोफ्यावर बसल्यासारखं वाटलं, मी सगळ्यांना बसवून दाखवली पण. पहिला अर्धा तास मस्त, आणि चाळिसाव्या मिनिटापासून पूर्वीपेक्षा जास्त दुखायला लागलं. मऊ फोम वजनाखाली हळूहळू दबत जातो, शेवटी हाडं थेट खालच्या प्लास्टिकच्या पॅनवर टेकतात आणि बाजूचा फोम वर येऊन मांड्यांना दाबतो. म्हणून दुकानासमोर दोन मिनिटं बसून सीट कधी ठरवू नका. निदान दीड तास सलग चालवल्याशिवाय काही कळत नाही.

त्या फोमला 40 डेन्सिटी म्हणून पैसे घेतले होते. हे घरी तपासता येतं बरं का. 40 डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला 40 किलो, म्हणजे 10 सेंटीमीटर लांब, रुंद आणि उंच असा चौकोनी तुकडा 40 ग्रॅम भरला पाहिजे. जाडी 5 सेंटीमीटरच असेल तर 20 बाय 10 चा कापा, तेवढंच होतं. माझा तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर 26 ग्रॅम भरला. आणि डेन्सिटी वेगळी, कडकपणा वेगळा, याची पण गल्लत होते. डेन्सिटी जास्त म्हणजे फोम टिकतो, लवकर बसत नाही. पण तो कडक लागेल की मऊ ते बनवण्यावर आहे, म्हणून आकडा ऐकायचाच आणि अंगठ्याने दाबून पण बघायचं.

त्यानंतर मित्राने इथल्याच शहापुरातल्या एका चाचांकडे नेलं. वय साठीच्या पुढे, आयुष्यभर सीटचंच काम. मी फोमचं सांगायला लागलो तर म्हणाले, "ते राहू दे, आधी गाडीवर बस बघू. हँडल धर, पाय वर घे." मित्राने मागून गाडी सरळ धरली, चाचांनी बाजूला पायरीवर बसून दोन मिनिटं नुसतं बघितलं. मग म्हणाले, "तू पुढं सरकूलालास बघ. बसूलालास कुठं?"

आणि खरंच की. सीटला टाकीकडे उतार, मी सारखा पुढे घसरायचो आणि सारखा हातापायांनी स्वतःला मागे रेटायचो. मनगटं दुखायची ती यानेच, आणि मी इतके दिवस हँडलच्या ग्रिप बदलत बसलेलो! सीटवर लाकडी पट्टी ठेवून मोबाईलच्या लेव्हल ॲपने मोजलं तर 6 अंश. मोजताना गाडी सेंटर स्टँडवर नको, मागचा शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) तेव्हा दबलेला नसतो, आकडा चुकतो. एकाने वर बसायचं, एकाने धरायचं, एकाने वाचायचं.

यातला थोडा भाग सीटचा नव्हताच. मार्चमध्ये बायकोला आणि सामान घेऊन जायचं म्हणून मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) वाढवला होता, तो तसाच राहिलेला. मागची बाजू उचलली गेली की सीट पुढे झुकणारच. प्रीलोड दोन खाचा कमी केला आणि उतार थोडा कमी झाला, एक रुपया खर्च न करता. सीटवर पैसे घालायच्या आधी प्रत्येकाने हे करून बघाच, हात जोडून सांगतो.

दुसरी गोष्ट आकाराची. सायकलवाले बैठकीची हाडं मोजतात तसं मी पण केलं, जिन्याच्या पायरीवर खोक्याचा पुठ्ठा ठेवून त्यावर टेकून बसलो, दोन खळगे उमटले, मधलं अंतर साडेबारा सेंटीमीटर. माझ्या सीटला मध्ये उंचवटा आणि दोन्हीकडे उतार होता, म्हणजे हाडं उतारावर आणि सगळा भार मधल्या नाजूक भागावर. चाचांना पुठ्ठा दाखवला तर त्यांनी तोच सीटवर ठेवून खडूने खुणा केल्या.

मग काम झालं ते असं. मधला उंचवटा हॅक्सॉ ब्लेडने कापला आणि ग्राइंडरला सँडिंगची चकती लावून घासून सपाट केला. तळाला 25 मिलीमीटर रिबॉन्डेड, म्हणजे फोमचा चुरा दाबून बनवलेला कडक फोम, आणि पुढच्या बाजूला त्याचीच पाचर, जेणेकरून उतार जावा. त्यावर 30 मिलीमीटर खरा 40 डेन्सिटीचा, तुकडा माझ्यासमोर काट्यावर टाकून घेतला. सगळ्यात वर फक्त 10 मिलीमीटर मऊ थर. मेमरी फोम घालूया का विचारलं तर चाचा नको म्हणाले, आणि कारण पटलं: तो थंडीत कडक होतो, उन्हात ढिला पडतो, डिसेंबरच्या सकाळी वेगळी सीट आणि एप्रिलच्या दुपारी वेगळी. पुढून कडा निमुळत्या केल्या, त्यामुळे मांड्या जवळ येतात आणि पाय आधीपेक्षा चांगले टेकतात. उतार आता जेमतेम 1 अंश. फोम, मजुरी सगळं मिळून 1,800 रुपये.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्यांनी कव्हर पक्कं मारलं नाही. चारपाच स्टेपल मारून दिलं, म्हणाले पंधरा दिवस चालव, कुठं टोचतंय ते सांग, परत घासू. तसं डावीकडे मांडीला एक कड लागत होती, दहा मिनिटांत घासून दिली.

चाचणी: संकेश्वर जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर न थांबता, कळ नाही. पुढच्या रविवारी जांबोटीवरून कणकुंबी, मलप्रभेच्या उगमापाशी चहा घेऊन परत. खड्ड्यांत हाडं पॅनला लागली नाहीत. शेवटच्या वीस किलोमीटरला कंटाळा आला, पण दुखलं नाही, हा फरक ज्याला दुखतं त्यालाच कळेल.

वर मी आजोबांच्या जुन्या घोंगड्याचा तुकडा दुहेरी करून इलॅस्टिकने बांधलाय. परदेशात मेंढीचं कातडं टाकतात, आपल्याकडे घोंगडं आहेच की. त्याच्या खरखरीत लोकरीतून हवा खेळती राहते, घाम रेक्झिनवर साचत नाही आणि अंग घसरत नाही. नवीन घेणार असाल तर आधी धुवून घ्या, चिंचोक्याची खळ असते, कडक लागतं. पावसात मात्र काढून डिकीत, भिजलं की जड होतं आणि दिवसभर वाळत नाही.

बायकोला गडहिंग्लजला माहेरी घेऊन गेलो तेव्हा कळलं की मागच्या सीटचं काहीच केलेलं नाही. माझी बैठक थोडी मागे गेल्यामुळे तिची जागा दोन बोटं कमी झालीय, येताना तिने स्पष्ट सांगितलं की आता तिच्या सीटचं बघायचं, तोवर ती एसटीने जाईल. तिचं बरोबर आहे. पुठ्ठ्यावर तिचं माप घेतलंय, माझ्यापेक्षा दीड सेंटीमीटर जास्त. चाचांना शनिवारी वेळ आहे. त्याच दिवशी माझं कव्हर पक्कं होईल, शिलाईच्या भोकांतून पाणी फोममध्ये जाऊ नये म्हणून खाली प्लास्टिक घालून घेणार आहे, आणि उभ्या शिलाया बसायच्या जागेवर नकोत असं सांगून ठेवलंय.