रबरी वॉशर आणि माझे २३ दिवस

२३ दिवस मी मज्जारज्जूतल्या पेशी सुट्या करत होते आणि एकाही पेशीवर सील लागत नव्हतं. पॅच क्लॅम्प (एकेका पेशीतला विजेचा प्रवाह मोजायची पद्धत) करणाऱ्यांना हे दुखणं लगेच कळेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काचेच्या पिपेटचं बारीक टोक पेशीला टेकवायचं, नळीतून हलकेच हवा ओढायची. पेशीचं पटल काचेला घट्ट चिकटून रोध हजार मेगाओमच्या वर गेला, की गिगासील. ते नसेल तर पिकोअँपिअरमधला प्रवाह गोंगाटात बुडतो.

प्राण्यांच्या परवानगीचा फॉर्म, छेद घेणं, पपेन या विकरात (एन्झाइममध्ये) पेशी मोकळ्या करणं, सगळं पार पडलं होतं. मी आधी पपेनवर खापर फोडलं, मग पिपेटवर, मग द्रावणांवर. (आतलं द्रावण बाहेरच्यापेक्षा थोडं कमी ऑस्मोलॅरिटीचं (विरघळलेल्या कणांचं प्रमाण कमी असलेलं) ठेवा आणि ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या. माझी चूक तिथे नव्हती, तरी ठेवाच.) रोध ८०-९० मेगाओमवर जाऊन अडायचा. सर म्हणाले, "१९७६ मध्ये ही पद्धत काढणाऱ्या नेहर आणि साकमान यांनाही गिगासील मिळालं नव्हतं, त्याला १९८० उजाडावं लागलं. तू तेवीस दिवसांत रडतेस?" सरांचं काय जातंय, प्रयोगात वापरलेल्या पिल्लांचा हिशेब मला द्यायचा होता.

शेवटी शेजारच्या लॅबमधली ताई आली. "अगं, प्रेशर टिकतंय का ते बघितलंस?" तिने पिपेट द्रावणात उतरवून नळीतून फुंकलं, कॉक बंद केला. टोकासमोरचा कचरा दूर पळाला. आम्ही बघत राहिलो. दहाएक सेकंदांत तो परत येऊन टोकाला बसला. पिपेट धरणाऱ्या होल्डरमधल्या रबरी वॉशरला चीर होती. दाब गळायचा, टोक पेशीपर्यंत पोचेतो मळायचं, आणि मळक्या टोकाला सील लागत नाही. म्हणून एक पिपेट एकदाच वापरायची, आणि कचरा टोकापासून दूर राहतोय ना, हे पेशी शोधण्याआधी बघायचं.

नवा वॉशर टाकला. ४० मेगाओम, २०० मेगाओम आणि एकदम दोन गिगाओम! पेशी −६२ मिलिव्होल्टवर शांत बसली होती. सुट्या पेशीचा रोध मोठा, त्यामुळे २० पिकोअँपिअर प्रवाह सोडला तरी पुरलं, स्पाइकमागून स्पाइक (पेशीचे विजेचे ठोके). घाईत ट्यूबलाइट बंद करायची राहिली, म्हणून नोंदीला घरगुती विजेच्या ५० हर्ट्‌झची झालर आहे. फाइल अजून पुसलेली नाही.