ट्रंकेत गेलेले कागद

गणपती बसले होते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी आमच्या वस्तीत शिरलं. दुसऱ्या दिवशी बचत गटातर्फे आम्ही समाजमंदिरात चादरी वाटत होतो. तिथे ती आली. ओल्या पदराने कानाखालचं काळंनिळं झाकत. (तिचं नाव लिहीत नाही, बारीकसारीक तपशीलही बदललेत.)

मी भर रांगेत विचारलं, "हे काय वो, काय झालं?" मागे सासू उभी. "पाण्यात घसरली," उत्तर सासूनेच दिलं. ती चादर घेऊन निघून गेली. चार कुटुंबं एका खोलीत झोपत होती, बाईला एकटीने रडायलाही जागा नव्हती, आणि मी पंचायत भरवल्यासारखी विचारत होते! त्याची लाज मला अजून वाटते.

दोन दिवसांनी चिखलाची भांडी घासायच्या निमित्ताने तिला घरी बोलावलं. मीही राख घेऊन बसले. मागचं काही विचारलं नाही, एवढंच म्हटलं, "आज रात्री कुठं झोपशील?" बराच वेळ ती गंजाचं बूड घासत राहिली. मग म्हणाली, "ताई, मले त्या घरी जाचं नाही. पण पोलिसात नका नेऊ." नवरा आधीपासूनच मारायचा. आता काम बुडालेलं, त्यात पुराच्या मदतीचे दहा हजार कोणाच्या खात्यात घ्यायचे यावरून पुन्हा.

१८१ या महिला हेल्पलाइनला फोन केला. तिथून सखी वन स्टॉप सेंटर कळलं, मार खाल्लेल्या बायांसाठीचं सरकारी मदत केंद्र. तिथे पाचेक दिवस राहता येतं. ती लेकराला घेऊन तीन रात्री राहिली. सरकारी दवाखान्यात मार तपासून कागदावर आला. मग संरक्षण अधिकारी. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात हे पद आहे. बाई सांगेल ते घटना अहवालात लिहून घेणं त्यांचं काम. नवऱ्याला लगेच अटक होत नाही, कोर्टाचा संरक्षण आदेश त्याने मोडला तर मात्र गुन्हा, हे ऐकलं तेव्हा ती तयार झाली.

पण एका कार्यालयात अडलो. लग्नाचा दाखला आणा, आधार आणा. "ट्रंकेत होते साहेब, ट्रंक वाहून गेली." "मग डुप्लिकेट काढून या." दोन खेटे झाले. पुरानंतर आठवडाभरात बाईला लग्नाचा दाखला मागणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते इथे लिहिता येत नाही.

सुटका विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, वकीलबाईंनी केली. म्हणाल्या, अहवाल या कागदांसाठी थांबत नाही. फी विचारली, तर त्यांनी विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ वाचून दाखवलं: मोफत वकिलासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, आणि त्याच यादीत पूरग्रस्तही आहेत. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "म्हंजे दोन्हीत बसतो वो मी!"

कोर्टात अर्ज गेल्यावर पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत व्हावी असं हिंसाचाराचा कायदा म्हणतो. आम्हाला सोळाव्या दिवसाची तारीख मिळाली. तोवर ती माझ्याकडे. अंतरिम आदेश झाला: मारहाण करायची नाही, घरातून काढायचं नाही. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी राहायचा हक्क तिचा.

आणि ती त्याच घरी परत गेली. मला पटलं नव्हतं, बोलूनही दाखवलं. "लेकराची शाळा तिथंच हाय," म्हणाली. राहायचं तिला होतं, मला नाही.

आदेशाची एक प्रत ती पिशवीत घेऊन गेली. बाकी फाईल प्लास्टिकमध्ये बांधून माझ्या गव्हाच्या कोठीवर आहे. तारीख आली की आदल्या संध्याकाळी साखर मागायला येते, आणि वाटीखाली ती फाईल घेऊन जाते.