मर म्हणण्याआधी झाड उपटून पाहा

ऑगस्टात पावसाने दडी मारली की आमच्या काटोलकडच्या शिवारात सोयाबीनची झाडं जागच्या जागी सुकू लागतात. मग प्रत्येक धुऱ्यावर एकच निदान: "मर लागली." अरे भाऊ, कोणती मर ते तर पाहा! झाड उपटा, बुडाजवळचं खोड नखाने खरवडा. साल सुटून आत कोळशाच्या भुकटीसारखे बारीक काळे ठिपके दिसले तर ती मॅक्रोफोमिना बुरशीची खोडकूज. तिला तापलेली, कोरडी जमीन मानवते. जमिनीलगत पांढरी जाळी अन् तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे असले, तर ती स्क्लेरोशियम बुरशी. तिला ओल अन् उकाडा दोन्ही लागतं.

सुकलेलं झाड बुडाशी औषध ओतून उठत नाही, दुकानदार काहीही म्हणो. खर्च बियाण्यावर करावा. आम्ही पेरणीआधी कार्बोक्झिन-थायरम या बुरशीनाशकांचं मिश्रण किलोला 3 ग्रॅम चोळतो, सावलीत सुकवतो अन् रायझोबियम हे जिवाणू खत अगदी शेवटी लावतो. रोगाच्या बुरशीला मारणारी ट्रायकोडर्मा मात्र त्याच बियाण्याला नाही. तीही बुरशीच, थायरमने मरू शकते. ती कुजलेल्या ओलसर शेणखतात मिसळून वावरात पसरतो.

अन् सोयाबीनवर हरभरा, हरभऱ्यावर पुन्हा सोयाबीन, हे आपल्याकडचं ठरलेलं. या दोन्ही बुरशा हरभऱ्यावरही जगतात, म्हणजे त्यांची बारा महिने सोय. यंदा जास्त झाडं गेलेल्या फालीत रब्बीला गहू घेणार आहे. हरभऱ्याचा भाव काढून घरच्यांनी तोंड वाकडं केलं. करू देत.