शारजाच्या शाळेचं ऑफर लेटर आलं तेव्हा सही करायच्या आधी मी काय काय विचारलं (माझा अनुभव)

परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या बऱ्याच जणी विचारतात की मॅडम तुम्ही गल्फला इंग्लिश शिकवायला कशा गेल्या, एजंट कोणता, पैसे किती लागले. सगळ्यांना फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. त्यातही इंटरव्ह्यूपेक्षा करारावरच जास्त लिहिणार आहे, कारण माझी खरी मेहनत तिथंच गेली आणि त्याबद्दल आपल्याकडं कोणी बोलतच नाही.

मी परभणीची. एम.ए. इंग्लिश, बी.एड., दोन्ही नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचं. एका विनाअनुदानित इंग्लिश स्कूलला शिकवत होते, पगार असा की सांगायला नको, आणि तोही उन्हाळ्यात बंद. अनुदानित संस्थेत लागायचं म्हणलं की जो आकडा कानावर यायचा तो ऐकून आप्पा गप्प बसायचे. टीएआयटी (शिक्षक भरतीची परीक्षा) देऊन पवित्र पोर्टलच्या, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या साईटच्या, याद्यांकडं डोळे लावून बसणारे माझ्यासोबतचे कितीतरी जण अजून बसलेलेच आहेत. म्हणून मी शारजाच्या एका सीबीएसई शाळेच्या वेबसाईटवर अर्ज टाकला, व्हिडिओवर इंटरव्ह्यू झाला, डेमो लेसन झाला आणि ऑफर लेटर मेलवर आलं.

३,५०० दिरहम महिना. तेव्हा एका दिरहमला २३ रुपयाच्या आसपास भाव होता, म्हणजे ८० हजार. घरात एकदम आनंदीआनंद, काकूनं तर पेढे सांगितले. मी ते लेटर झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलं आणि पेन घेऊन ओसरीवर बसले, एकेक ओळ वाचत. ३,५०० अशी फोड होती: बेसिक १,२००, घरभाडं १,३००, प्रवास ४००, इतर ६००. खाली बारीक अक्षरात होतं की शाळेचं अकोमोडेशन घेतलं तर घरभाडं मिळणार नाही.

आप्पा शेजारी बसलेले. इंग्रजी येत नाही पण आयुष्यभर मोंढ्यात माल घातलेला माणूस. म्हणले, "पट्टीवर भाव सात हजार लिहिलाय म्हणून काय झालं, हमाली, तोलाई, कडता वजा जाऊन हातात काय पडायलंय ते सांग की." मी हिशोब केला. एकटी बाई, नवीन शहर, शाळेचंच घर घेणार, म्हणजे हातात २,२००. ५० हजार रुपये. तरी परभणीपेक्षा लई बरं, पण ८० नाही. हा फरक विमानतळावर उतरल्यावर कळण्यापेक्षा ओसरीवर कळलेला चांगला.

आणि बेसिकची गोष्ट नीट समजून घ्या, कारण बऱ्याच जणींना वाटतं टोटल बरोबर आहे ना मग फोड कशीही असू दे. तसं नाही. यूएईचा सध्याचा कामगार कायदा २०२१ चा आहे, ३३ नंबरचा, फेब्रुवारी २०२२ पासून लागू. त्यात एक वर्ष पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटी मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, पण तो बेसिकवर मोजतात. बेसिक १,२०० म्हणजे दिवसाला ४० दिरहम, वर्षाला ८४० दिरहम ग्रॅच्युइटी. तेच बेसिक १,८०० असतं तर १,२६०. शिल्लक रजेचे पैसे सोडताना मिळतात तेही बेसिकवरच. म्हणजे टोटल तीच ठेवून बेसिक खाली ओढलं की शाळेचे पैसे वाचतात आणि ते आपल्याच खिशातले असतात.

आपले बहुतेक पासपोर्ट ईसीआर (कामाला परदेशी जाताना आपल्या सरकारची मंजुरी लागते असा शिक्का) नसलेले असतात, दहावी पास असलं की एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे ती मंजुरी, लागत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण ईसीआर पासपोर्टवाला कामगार यूएईला जातो तेव्हा प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या (ही मंजुरी देणारा सरकारी अधिकारी) ऑफिसात त्याचा करार निदान बघितला तरी जातो. आपण शिकलेलो म्हणून आपला करार सरकारतर्फे कोणीच बघत नाही, आपला आपणच बघायचा.

आता एजंट. ऑफर लेटरनंतर दोन-चार दिवसांत एका माणसाचा फोन आला, मी शाळेचं व्हिसाचं काम बघतो म्हणून. म्हणला, मॅडम ८५ हजार भरा, आधी व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिकडं गेल्यावर वर्क व्हिसा करून टाकू, सगळे असंच जातात. मी त्याला रजिस्ट्रेशन नंबर विचारला. परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटला आपल्या १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते आणि ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर ती यादी कोणालाही बघता येते, लॉगिन पण लागत नाही. त्याचं नाव त्यात नव्हतं. आणि नोंदणी असलेल्या एजंटलाही उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० च्या वर घेता येत नाही, तेही पावती देऊन. कोणी लाख मागायला लागलं की तिथंच थांबा. व्हिजिट व्हिसावर काम करणं यूएईत बेकायदा आहे, पकडलं तर दंड, परत पाठवणी, आणि पगार बुडाला तर तक्रार करायला हातात कागदच नाही.

मी त्या माणसाशी वाद घातला नाही. सरळ शाळेच्या एचआरला मेल केला, ज्या आयडीवरून लेटर आलं त्याच आयडीवर, की व्हिसाचा खर्च कोण करणार आणि मी एंट्री परमिटवर (नोकरीसाठी देशात यायचा परवाना) येणार की व्हिजिटवर, कृपया लेखी कळवा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, व्हिसाचा आणि भरतीचा सगळा खर्च शाळा करेल, एंट्री परमिट शाळाच पाठवेल. कायद्यातही तेच आहे, भरतीचा खर्च मालकानं कामगाराकडून थेट किंवा आडमार्गानं घ्यायचा नाही. एका मेलनं ८५ हजार वाचले. तो माणूस परत फोन करायला लागला तेव्हा मी तो मेल त्याला फॉरवर्ड केला, मग फोन बंद.

पण खरी अडचण पुढं होती. ऑफर लेटरसोबत शाळेनं आणखी एक कागद पाठवला, अंडरटेकिंग म्हणून. त्यात तीन गोष्टी होत्या. दोन शैक्षणिक वर्षं पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर व्हिसाचा खर्च आणि दोन महिन्यांचा पगार कापणार. ओरिजनल डिग्री सर्टिफिकेट शाळेत जमा करायचे. आणि जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचा पगार सुट्टीनंतर रुजू झाल्यावरच मिळणार.

घरात दोन मतं पडली. भाऊ म्हणायला लागला, "कामून एवढे प्रश्न विचारायलीस, ते दुसरीला घेतील ना." त्याची भीती मला कळत होती, आपल्याकडं नोकरी देणाऱ्यासमोर माणूस असाच दबून असतो. पण मला असं वाटत होतं की ज्या शाळेला मी दोन वर्षं हवी आहे ती शाळा चार प्रश्नांनी पळून जाणार नाही, आणि पळालीच तर तिथं गेल्यावर माझं काय झालं असतं.

म्हणून मेल लिहिला. भांडणाचा सूर अजिबात नाही, मुद्दे सरळ. सोडण्याबद्दल लिहिलं की कायद्यात नोटिशीचे नियम दिलेलेच आहेत. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने, त्या काळात देश सोडून जायचं असेल तर १४ दिवसांची लेखी नोटीस, यूएईतच दुसरीकडं लागायचं असेल तर एक महिना, आणि प्रोबेशननंतर करारात असेल तशी, ३० ते ९० दिवस. मी हे सगळं पाळायला बांधील आहे, पण व्हिसाचा खर्च माझ्याकडून वसूल करायची अट काढून टाका. (हे दुसऱ्या बाजूनंही लक्षात ठेवा, प्रोबेशनमध्ये नोटीस न देता कोणी निघून गेलं तर वर्षभर तिथं वर्क परमिट मिळत नाही, म्हणून पटलं नाही की रातोरात पळून यायचं हा सल्ला कोणाला देऊ नका.) सर्टिफिकेटबद्दल लिहिलं की ओरिजनल दाखवते, अटेस्टेड कॉपी देते, ओरिजनल माझ्याजवळ राहतील. पासपोर्ट किंवा कामगाराची अधिकृत कागदपत्रं मालकानं अडकवून ठेवायला तिथं मनाई आहे. बेसिक वाढवून मागितलं. आणि घर कसं, एका खोलीत किती जणी, आठवड्याला तासिका किती, हे विचारलं.

उत्तर यायला वेळ लागला. त्या दिवसांत घरात कोणी मला काही बोललं नाही पण सगळे माझ्या फोनकडं बघायचे.

उत्तर आलं ते असं. कपातीची अट काढली. ओरिजनल सर्टिफिकेट फक्त पडताळणीला, त्याच दिवशी परत. बेसिक १,८००, बाकीचं त्या प्रमाणात कमी करून टोटल तेवढीच. खोलीत दोघी, तीन खोल्यांचा फ्लॅट. सुट्टीच्या पगाराची अट मात्र तशीच ठेवली आणि तासिका "शाळेच्या गरजेनुसार" एवढंच लिहिलं. मी घरी सांगितलं की या दोन गोष्टी मान्य करून जायचं, पण माहीत असून मान्य करायचं. जुलै-ऑगस्टला हातात पैसे नसणार म्हणून आधीपासून बाजूला टाकायचे, एवढं ठरवलं.

मध्ये अटेस्टेशन. यूएईला अपॉस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, जो बऱ्याच देशांत तेवढ्यावर चालतो) चालत नाही, त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो. आधी विद्यापीठाची पडताळणी, मग राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग वकिलात, शेवटी तिकडं गेल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं. नांदेडचं काम जवळचं, मुंबईला देवगिरीनं रात्रीचं जायचं. हा खर्च शाळा देत नाही हे मी आधीच लेखी विचारून घेतलं होतं. बी.एड.ची पदवी घेतलेली नसेल, नुसती मार्कशीट असेल तर आजच विद्यापीठात अर्ज टाका, सगळी गाडी तिथंच अडते.

मग आला तो मुख्य कागद. शाळेचं लेटर वेगळं आणि तिथल्या कामगार मंत्रालयाचं, ज्याला सगळे मोहरे म्हणतात, त्याचं ऑफर लेटर वेगळं. कायद्यापुढं हेच उभं राहतं. एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्लिश, आणि दोन्हीत फरक निघाला तर अरबी खरं धरतात. मला अरबीचं एक अक्षर येत नाही. आमच्या शाळेतल्या उर्दूच्या मॅडमच्या ओळखीचे एक मौलाना आहेत, अरबी शिकवतात. मॅडम मला त्यांच्या घरी घेऊन गेल्या. त्यांनी चष्मा लावला, कागद खिडकीकडं धरला आणि बोट ठेवून उजवीकडून एकेक ओळ वाचायला लागले, मी डाव्या बाजूच्या इंग्लिश ओळीवर पेन ठेवून बसलेली. बेसिकला आले तेव्हा थांबले, आकडा परत वाचला आणि म्हणाले, "एक हज़ार आठ सौ. आपके काग़ज़ में क्या है?" तेवढंच होतं. घरभाडं, प्रवास, रजा ३० दिवस, प्रोबेशन सहा महिने, सगळं जुळलं. त्यांनी चहाशिवाय सोडलं नाही आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. परभणीत अरबी वाचणारी माणसं आहेत, उर्दू येणारी तर घरोघरी आहेत, विचारायला संकोच करू नका.

त्या लेटरवर नंबर असतो, तो मोहरेच्या साईटवर टाकून कागद खरा आहे की नाही बघता येतं. मी बघितलं आणि मगच सही केली. एंट्री परमिट आल्यावर त्यावरही नाव, पासपोर्ट नंबर, शाळेचं नाव आणि पद तपासलं. पद "टीचर" असलंच पाहिजे. क्लार्क किंवा हेल्पर म्हणून परमिट काढून वर्गावर उभं केलेल्या बायका मी नंतर इथं बघितल्या, त्यांना पुढं दुसऱ्या शाळेत जाताना शिकवल्याचा अनुभव दाखवता येत नाही, फार जीव तुटतो त्यांच्याकडं बघून.

शारजाला उतरल्यावर मेडिकल, एमिरेट्स आयडी हे आपोआप होत जातं, शाळेचा पीआरओ (सरकारी कागदपत्रांचं काम बघणारा माणूस) बरोबर असतो. हेल्थ इन्शुरन्स मालकानंच द्यायचा, १ जानेवारी २०२५ पासून शारजातही ते सक्तीचं झालंय, म्हणून कार्ड हातात येईपर्यंत विचारत राहा. कराराची शेवटची प्रत आली ती ऑफर लेटरशी ओळीनं ओळ लावून बघितली. पगार डब्ल्यूपीएसमधून, म्हणजे तिथल्या सरकारची नजर असलेल्या पगार पद्धतीतून, बँकेत येतो, कोणी रोख देतो म्हणलं तर नको म्हणा, बँकेतली नोंद हाच पुरावा. आणि काही वाकडं झालंच तर दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं मदद नावाचं तक्रार पोर्टल आहे, मोहरेकडं तक्रार ऑनलाईन करता येते. घरून निघायच्या आधी मी सगळ्या कागदांची एक फाईल आप्पांकडं ठेवली आणि भावाच्या मोबाईलमध्ये स्कॅन टाकले.

तासिकांचं मात्र अजून सुटलेलं नाही. कोणी रजेवर गेलं की सब्स्टिट्यूशन माझ्याच गळ्यात, वह्या तपासायच्या घरी आणून, आणि "शाळेच्या गरजेनुसार" या दोन शब्दांत सगळं बसतं. आमचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्याआधी रिन्यूअलची बोलणी असतात. या वेळी तिघी-चौघींनी मिळून आठवड्याची कमाल तासिका करारात लिहून मागायचं ठरवलंय, मेलचा मसुदा तयार आहे. काय उत्तर येतंय ते कळवते.