आमची वाटचाल : दहा बाय बाराच्या खोलीतून

जून 2000 मध्ये राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं आणि लालबागच्या आमच्या चाळीतल्या आया पोरांची पुस्तकं घेऊन माझ्या दारात यायला लागल्या. डी.एड.ची मैत्रीण आणि मी, दोघींनी माझ्याच खोलीत वर्ग काढला. ठरवलं एवढंच, की मुलाने स्वतःबद्दल आणि घराबद्दल न घाबरता बोलायला शिकावं.

सामान म्हणजे फळा, हातातला आरसा आणि कार्डं. कार्डं साडीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची, रात्री जागून कापलेली. 'वर्क'च्या कार्डामागे पिनेने 'एस' टोचलेला असायचा. 'आय' आला की तो मागे, 'माय मदर' आली की गर्रकन पुढे. आपल्या मुली 'मी करते' आणि 'आई करते' एकसारखंच म्हणतात, त्यामुळे तो 'एस' नेमका त्यांच्याच तोंडून गळतो. आरसा 'लिव्ह' आणि 'वॉन्ट'साठी. एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. आपला 'व' दोन्हीकडे चालवून घेतो, म्हणून मुलांना ते डोळ्यांनी दाखवावं लागतं.

चौथ्या वर्षी करी रोडच्या बाजूला एसी लावलेला क्लास उघडला. 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' असा फलक. महिन्याभरात माझी मैत्रीण तिकडे शिकवायला गेली. जाताना कार्डांचा डबा घेऊन गेली. म्हणाली, "दोघींनीच कापलीत ना?" शेहेचाळीस मुलांची अकरा राहिली. खोलीचं भाडं मी बांगड्या मोडून भरलं. भागीदारी तोंडी होती, हीच माझी चूक. सख्खी बहीण असली तरी कागद करा, आणि सामान कोणाचं तेही त्यात लिहा.

खालच्या पोळीभाजीवाल्या मावशींनीही लेकीला तिकडे घातलं होतं. एका संध्याकाळी त्या तिला घेऊन वर आल्या, हाताला पीठ तसंच. पोरगी ताठ उभी राहून घडाघडा म्हणाली, "माय फादर इज अ बिझनेसमन. माय मदर इज अ हाउसवाइफ. वुई लिव्ह इन अ बिग हाउस." मावशींनी अर्थ विचारला, मी सांगितला. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, मी पहाटे चारला उठून दोनशे पोळ्या लाटते. ते इंग्रजीत सांगता येत नाही का?"

मी पोरीला तिथेच बसवलं. "माय मदर गेट्स अप ॲट फोर. शी मेक्स टू हंड्रेड पोळीज." पोळीला मी पोळीच ठेवलं, ब्रेड नाही. मग आजोबा आले, "माय ग्रँडफादर वर्क्ड इन अ मिल." 1982च्या संपानंतर लालबागेत घरोघरी हे वाक्य भूतकाळातलंच, त्यामुळे 'ईडी' आम्हाला पाठ्यपुस्तकाच्या आधीच शिकवावा लागे. पोरीने ती वाक्यं स्वतःच्या आईकडे बघत म्हटली. मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि धाकट्या दोघांचीही नावं घातली. फी दर दहा तारखेला, कधी सुट्ट्या नाण्यांत, पण एकदाही चुकली नाही. गिऱ्हाइकांना डबा देताना त्या आमचा वर्ग सांगायच्या. आमची जाहिरात ती तेवढीच.

नंतरची वर्षं बरी गेली. खोल्या दोन झाल्या.

पालकांना एक सांगते. मूल 'मायसेल्फ रोहन' म्हणालं तर मध्येच तोडू नका, वाक्य संपू द्या आणि मग 'आय ॲम रोहन' असं आपण म्हणून दाखवा. पाहुण्यांसमोर 'बोलून दाखव' तर अजिबात नको, त्याने मूल कायमचं मिटतं.

कार्डं मी नव्याने कापली, पुठ्ठा मावशींनीच आणून दिला. ती मैत्रीण अजून याच भागात राहते. भाजी घेताना समोर येते, हसते. जुना डबा मात्र तिने आजवर परत केलेला नाही.